रायफलची काडतुसं घरी भरायला सुरुवात करावी का? (.३०८, ओहायो)

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. मी कोलंबसजवळ राहतो, एच-वन-बीवर आहे. शिकारीचा परवाना काढून गेल्या वर्षी एक .३०८ ची (हा गोळीचा इंचातला व्यास) बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची, रायफल घेतली. शिकारीत जीव रमला नाही, पण कागदावर नेम धरण्याची गोडी लागली ती लागलीच.

ऑफिसातला एक सहकारी आपली काडतुसं घरीच भरतो. मागच्या रविवारी त्याने भरलेली काडतुसं माझ्या रायफलमधून मारली, तर १०० यार्डांवर तीन गोळ्या अर्ध्या इंचात बसल्या. दुकानातून आणलेल्या काडतुसांनी त्याच दिवशी सव्वा इंच आला होता. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. तो म्हणतो प्रेस (काडतूस भरायचं दाबयंत्र) घे, भरणीचा, म्हणजे किती पावडर घालायची तो आकडा मी देतो.

माझे प्रश्न असे. यात खरंच पैसे वाचतात का? अपार्टमेंटमध्ये हे करणं योग्य आहे का? घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि बायकोला शिशाची काळजी वाटते, मलाही वाटते. सुरुवातीला काय काय घ्यावं? आणि त्याची भरणी माझ्या रायफलला इतकी मानवली आहे, तर तोच आकडा धरून चालू का?

मीनल_ह्यूस्टन

प्रेसचं जाणकार सांगतीलच, मी आधी कायद्याचं सांगते, कारण आपल्या लोकांचं इथेच दुर्लक्ष होतं. एच-वन-बी असो की विद्यार्थी व्हिसा, बिगर-स्थलांतरित व्हिसावर इथे आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो तुमच्याकडे आहे, चांगलं केलंत. पण त्याची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. परवाना संपला की सवलतही संपली.

आणि रीलोडिंग, म्हणजे घरी काडतुसं भरण्याचं काम करणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच), प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), बुलेट (पुढची गोळी), पावडर हे सुटे भागसुद्धा त्या व्याख्येत बसतात. म्हणजे ‘बंदूक मित्राकडे ठेवतो, माझ्याकडे फक्त भरण्याचं सामान आहे’ ही पळवाट नाही. आमच्या ओळखीतल्या एकाचा असाच समज होता. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर वकिलाला एकदा लेखी विचारून घ्या.

स्वतःपुरती काडतुसं भरायला इथे परवाना लागत नाही. भरून विकायची म्हटलं की लागतो. मित्राकडून ‘सामानाचे पैसे’ म्हणूनसुद्धा काही घेऊ नका.

आता एक कळकळीची विनंती. रेंजवर नेता ती बॅग भारतात जाताना चुकूनही वापरू नका. बॅगेच्या अस्तरात गेलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवतात. ‘मला माहीतच नव्हतं’ हे कोर्टात टिकल्याचे निकाल आहेत, पण तिथवर जाईपर्यंत पासपोर्ट, नोकरी, सुट्टी सगळं टांगणीला लागतं. रेंजची बॅग वेगळी, तिला विमान दाखवायचंच नाही.

आप्पा_मिरजकर

मीनलताईंनी कायद्याचं छान सांगितलं. बाकीचं मी सांगतो. मी डेटनला असतो, तुझ्याहून वयाने बराच मोठा, म्हणून एकेरीत लिहितो. नोकरीची सुरुवात किर्लोस्करवाडीला टूलरूममध्ये झाली, इकडे आल्यावरही हातातला मायक्रोमीटर सुटला नाही. त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत माझा आग्रह जरा जास्त आहे, तेवढा चालवून घे.

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तोच जिवाशी संबंधित आहे. मित्राचा आकडा घेऊ नकोस, आणि त्याने भरलेली काडतुसं पुन्हा आपल्या रायफलमध्ये घालू नकोस. माणूस चांगला असेल, काळजीपूर्वक काम करत असेल, तरी नाही. त्याने ती भरणी त्याच्या चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं ती जागा), त्याच्या नळीवर, त्याच्याकडच्या पुंगळ्या वापरून पायरीपायरीने वर नेलेली असते. चेंबरचा घसा थोडा आखूड असला, पुंगळी दुसऱ्या कंपनीची आणि जाड भिंतीची असली, की तेवढीच पावडर जास्त दाब देते. .३०८ साठी सामी या अमेरिकन संस्थेने कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठरवला आहे, आणि हा दाब तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो. म्हणून मीही इथे कुठल्याच पावडरचा आकडा लिहिणार नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची छापील मॅन्युअल विकत घे, दोन्ही उघडून शेजारीशेजारी ठेव, खालच्या आकड्यापासून सुरुवात कर. पावडर तीच, बुलेट तीच, प्राइमर तोच. यातलं काहीही बदललं की पुन्हा खालून. चटकन सापडलं म्हणून नेटवरच्या चर्चेतला आकडा उचलायचा नाही, ही चर्चासुद्धा त्यात आली.

आता त्या अर्ध्या इंचाबद्दल. मला या धाग्यावर जे सांगायचंय ते मुख्यतः हेच. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा, काही सांगत नाही. खरंच नाही सांगत. एखादी रायफल एखाद्या काडतुसाने तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी एक इंचाचे देत असेल, तर त्यातले काही अर्ध्या इंचाचे येतात आणि काही दीड इंचाचे, आणि काडतुसात तसूभरही फरक नसतो. गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होत जातो. तीनचा सरासरी एक इंच असेल तर दहाचा सुमारे १.६ इंच येतो. हे गणित आहे, यात रायफलचा दोष नाही. आता बघ, तुझा अर्धा आणि सव्वा इंच एकाच काडतुसातूनही आले असते. कदाचित मित्राची भरणी खरोखर चांगली असेलही, पण त्या रविवारवरून ते ठरत नाही.

लोक काय करतात? दशांश-दोन दशांश ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) फरकाने दहा भरण्या करतात, प्रत्येकीच्या तीन-तीन गोळ्या मारतात, सगळ्यात बारीक ग्रुप ज्या भरणीला आला ती ‘सापडली’ म्हणून वहीत लाल गोल करतात. पुढच्या महिन्यात तीच भरणी तसा ग्रुप देत नाही, मग नवी पावडर, नवी बुलेट, पुन्हा शोध. चांगली चांगली माणसं यात वर्षं घालवताना मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या सगळ्या गोळ्यांत नेमबाजी शिकून झाली असती.

हिशेबच करून दाखवतो. .३०८ मध्ये पावडर ०.१ ग्रेनने कमीजास्त झाली तर वेग साधारण सेकंदाला ५-६ फुटांनी बदलतो. १६८ ग्रेनची बुलेट घेतली तर वेगातला सेकंदाला १० फुटांचा फरक ६०० यार्डांवर उंचीत जेमतेम इंचभर दिसतो. म्हणजे तुझा तो दशांश ग्रेन तिथे अर्धा इंच. आणि वारा? ताशी १ मैलाचा आडवा वारा ओळखायला चुकलास तर तीच बुलेट ६०० यार्डांवर साधारण तीन इंच सरकते. कॅम्प पेरीला एरी सरोवराच्या काठावर उभं राहून बघ एकदा. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय सामने होतात, समोर लक्ष्य आणि त्यामागे पाणीच पाणी, कधी कधी एखादी होडी हद्दीत शिरली म्हणून गोळीबार थांबवावा लागतो. ६०० यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १२ इंचांचं आणि आतलं एक्स ६ इंचांचं असतं. सरोवरावरून येणारा वारा ताशी चार मैलांवरून सहावर गेलेला लक्षात आला नाही की निम्मं वर्तुळ गेलं. तिथे गुण घेणारी माणसं वाऱ्याच्या निशाणांकडे आणि दुर्बिणीत दिसणाऱ्या तापल्या हवेच्या तरंगांकडे बघत असतात.

मग घरी भरायचंच कशाला? भरायचं, कारण एकसारखेपणा आपल्या हातात येतो आणि आपल्याला हवी ती बुलेट वापरता येते. माझी पद्धत सांगतो. मॅन्युअलमधली मधली, दाबाला सौम्य भरणी घ्यायची, दाबाची लक्षणं तपासत खालून तिथवर जायचं, आणि एकाच भरणीची वीस-तीस काडतुसं वेगवेगळ्या दिवशी मारून सगळ्या भोकांचा एकत्र विचार करायचा. ठीक वाटली की तीच धरून ठेवायची. नंतर बदलायची नाही. वेग मोजायचं यंत्र कुणाकडून तरी मागून घे, त्यावरही पाच गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नकोस.

पैशांचं थोडक्यात. मॅच दर्जाचं फॅक्टरी काडतूस सध्या दोन डॉलरच्या आसपास पडतं. पुंगळी आपली जुनी असेल तर घरचं साधारण निम्म्यात होतं. त्यात सगळ्यात महाग बुलेट. पावडरचं म्हणशील तर पौंडात ७००० ग्रेन, .३०८ ला एका वेळी चाळीसेक लागते, म्हणजे एका डब्यात दीडशेच्या पुढे काडतुसं होतात. पण पैसे वाचणार नाहीत, कारण तू दुप्पट मारशील. सगळेच मारतात.

सामान: साधा सिंगल-स्टेज प्रेस घे, एका वेळी एकच काम करणारा. एकदम पाच कामं करणारा फिरता प्रेस रायफलवर शिकणाऱ्यासाठी नाही. फुल-लेंग्थ डायचा (पुंगळीला पुन्हा मापात आणणारा साचा) संच, पुंगळीचं बूड धरणारा शेलहोल्डर, चांगला कॅलिपर, पुंगळीची लांबी कापायचा ट्रिमर, पुंगळ्या उभ्या ठेवायला ठोकळा, आणि तराजू. तराजूत कंजुषी करू नकोस, त्याबरोबर तपासणीची वजनं घे आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून बघ. पंखा, एसी बंद. नुसत्या झुळकेनेही काटा हलतो.

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. .३०८ मध्ये रायफलची पावडर पुंगळी जवळजवळ भरते, त्यामुळे दुहेरी भरणी झाली तर सांडून दिसतेच. खरी भीती चुकीच्या पावडरची आहे. पिस्तुलाची भराभर जळणारी पावडर रायफलच्या पुंगळीत गेली तर रायफल फुटते. आमच्या क्लबात शेजारच्या बाकावर एकाच्या रायफलचं असंच झालं. लाकडी दस्ता उभा चिरला, मॅगझिन खालून उडून पडलं. चष्मा होता म्हणून डोळे राहिले. पावडर मोजून टाकायच्या यंत्रात आदल्या कामाची पावडर उरली होती आणि ती ‘सारखीच दिसते’ म्हणून दुसऱ्या डब्यात परत गेली होती. काम संपलं की यंत्रातली पावडर तिच्याच डब्यात, झाकण लावून, मग दुसरा डबा कपाटातून काढायचा.

भरून झाल्या की बुलेट बसवण्याआधी ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून वरून बघायचं. पातळी एकसारखी दिसली पाहिजे. एखादी खोल दिसली की ती ओतून पुन्हा. प्राइमर बसवल्यावर बुडावरून बोट फिरव, तो कडेच्या किंचित आत लागला पाहिजे. वर आलेला प्राइमर म्हणजे धोका. रेडिओ, फोन, गप्पा, काही नाही. मुलगी जागी असताना तर बसूच नकोस.

शिशाबद्दल बायकोला काळजी वाटते ती योग्यच आहे. बुलेटच्या शिशापेक्षा त्रास प्राइमरच्या राखेचा. नेहमीच्या प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं, ते उडाल्यावर पुंगळीत काळी धूळ राहते, आणि कोरड्या दाण्यांत पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र ती धूळ हवेत सोडतं. लहान मूल असलेल्या घरात ते यंत्र नकोच. पाण्यात साफ कर, तेही घराबाहेर, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. गालिच्यावर बसून हे काम करायचं नाही. रेंजवरून आल्यावर बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायला, आणि मुलीला उचलण्याआधी साबणाने हात कोपरापर्यंत. डॉक्टरांना सांगून तिची आणि तुझी रक्तातल्या शिशाची तपासणी सुरू करण्याआधी एकदा करून घे, नंतर दर वर्षी. मुलांसाठी सीडीसी या अमेरिकन आरोग्य संस्थेने २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा संदर्भ आकडा धरला आहे.

अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय मानकात घरी २० पौंडांपर्यंत बिनधुराची पावडर मूळ डब्यात आणि १०,००० पर्यंत प्राइमर ठेवता येतात. तुला त्याचा दहावा हिस्साही लागणार नाही. पण भाडेकरार वाच, अनेक अपार्टमेंटांत मुळातच मनाई असते. तसं असेल तर क्लबात माझ्या बाकावर ये. मी शनिवारी सकाळी असतो.

नेमबाज_कोल्हापूर

आप्पा, वाचून फार बरं वाटलं. मी इकडे मुलांना .२२ आणि एअर रायफल शिकवतो. दोन गोष्टी जोडतो.

भारतातल्या वाचकांनी हा धागा वाचून घरी काही करायला जाऊ नये. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. स्वतःकडे बंदुकीचा परवाना आहे म्हणजे काडतूस भरायची मुभा मिळाली असं होत नाही. मुलं व्हिडिओ बघून मला विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

दुसरं, आमच्या .२२ ला हा प्रश्नच नाही. त्यात पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या घडीतच भरलेलं असतं, ती एकदा चेपली की संपली. मग एकसारखेपणा मिळवायचा कसा? लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला काडतुसांचा गठ्ठा, तपासून. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप ५० मीटरवर मारायचे, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तो जमेल तेवढा उचलायचा. इंग्लंड-जर्मनीतल्या काडतूस कंपन्यांच्या यासाठी स्वतःच्या रेंज आहेत, नामवंत नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातात. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे लॉट चुकीचा निघाला तर अंतिम फेरीत दशांशाने माणूस बाहेर. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम) जगज्जेतेपद मिळवलं, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला तीन पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभं) ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. हे प्रकार त्याच दहाच्या वर्तुळावर खेळले जातात.

आणि आप्पांनी तीन गोळ्यांबद्दल लिहिलंय ते लॉट तपासतानाही तितकंच खरं. एका ग्रुपवर लॉट पसंत करणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. मी त्यांना त्याच लॉटचे आणखी ग्रुप मारायला लावतो, मगच पैसे भरू देतो.

कोलंबसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भाडेकरार काढून बघितला, ‘स्फोटक पदार्थ’ असं एक कलम आहे, त्यामुळे घरी नाहीच. आप्पा, शनिवारी येतो. तोवर एकच प्रश्न: एक पुंगळी कितीदा वापरायची? माझ्याकडे माझ्याच रायफलमधून उडालेल्या बऱ्याच साठल्या आहेत, त्या आणू का?

आप्पा_मिरजकर

आण, पण एकाच कंपनीच्या वेगळ्या करून आण. बुडावर शिक्का असतो.

कितीदा, याला ठराविक आकडा नाही. ते किती गरम, म्हणजे जास्त दाबाची, भरतोस आणि डाय कसा लावतोस यावर आहे. डाय खोल लावून प्रत्येक वेळी पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) जास्त मागे ढकललास तर गोळी सुटताना पुंगळी ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होत जाते. बोल्ट ॲक्शनसाठी मी खांदा इंचाच्या दोन सहस्रांशाइतकाच मागे नेतो. तुझ्या रायफलला तो किती ते गेज लावून दोघं मिळून मोजू. लांबीही बघायची. .३०८ ची पुंगळी कमाल २.०१५ इंच, मी त्याआधीच २.००५ वर कापतो. लांब झालेलं तोंड चेंबरच्या घशात अडकून बुलेट आवळून धरतं, आणि दाब वाढतो.

मानेला उभी चीर दिसली तर टाकून द्यायची. बुडापासून थोडं वर बाहेरून चकचकीत वर्तुळ दिसलं तर थांबायचं आणि आतून तपासायचं. त्यासाठी एक पेपरक्लिप सरळ कर, टोक जेमतेम दोन मिलिमीटर काटकोनात वाकव आणि घासून अणकुचीदार कर. पुंगळीत घालून टोक भिंतीला टेकवून बुडाकडून वर हळूहळू ओढ. चांगल्या पुंगळीत बुडाची जाडी संपते तिथून भिंत सलग गुळगुळीत लागते. खराब झालेल्या पुंगळीत नेमकं त्या वर्तुळापाशी टोक खळग्यात अडकतं. एकदा हाताला ते लागलं की पुन्हा विचारावं लागणार नाही. मी अशी एक उभी कापून ठेवली आहे, ती शनिवारी दाखवतो, भिंत किती पातळ होते ते डोळ्यांनी दिसेल.

अशी एक निघाली तर त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या तपासायच्या, कारण त्या सारख्याच वेळा उडालेल्या असतात. आणि टाकायच्या पुंगळीचं तोंड आधी पकडीने चेपायचं, मगच भंगाराच्या डब्यात. नाहीतर क्लबात दुसरा कुणीतरी चांगली समजून उचलतो आणि भरतो.

येताना कानाचं संरक्षण, चष्मा आणि शिकारीचा परवाना आण. मॅन्युअल माझ्याकडे आहेत.